अकरा वाजता तो दिसणार होता

"पाण्यावर चालेल असा लॅपटॉप आहे का हो?"

मी मान वर केली नाही. शरणपूर रोडवरच्या आमच्या दुकानात दिवसभर असले नमुने येतात. म्हटलं, "लॅपटॉप मिळेल. पाण्यावर चालायला बदक बघा."

तो हसला. अगदी मनापासून, मोठ्याने, म्हणून मग बघावंच लागलं. उंच, सावळा, आणि शर्टाची कॉलर उगाचच वर केलेली. इगतपुरीकडचा होता. प्रवाशांच्या मोठ्या क्रूझवर, तिथल्या स्वयंपाकघरात त्याला नोकरी लागली होती. नऊ महिन्यांचा करार. सोबत न्यायला जुना पण चांगला लॅपटॉप हवा होता.

"नाव सांगा, बिलावर टाकते."

"देवराम."

"आजोबांचं नको, तुमचं सांगा."

"आजोबांचंच ठेवलंय मला," तो म्हणाला. "परत करू का?"

आई शप्पथ, तिथेच माझी विकेट पडली.

एक लॅपटॉप घ्यायला हा माणूस नऊ वेळा आला. एकदा चार्जरसाठी, एकदा माऊससाठी, एकदा मराठी टायपिंग शिकायला. शिकवताना माझ्या बोटाला बोट लागलं की "सॉरी" म्हणायचा आणि बोट तिथेच ठेवायचा. दहाव्या वेळी आम्ही सोमेश्वरच्या धबधब्यावर कणीस खायला गेलो. पावसाची भुरभुर होती. छत्री एकच होती, ती त्याने सगळी माझ्यावर धरली, आणि स्वतः वेड्यासारखा भिजत राहिला.

"तिकडे नेट असतं का पण?" मी विचारलं.

"असतं. समुद्रात उपग्रहावरून येतं. पण आम्हा कामवाल्यांना पॅकेज घ्यावं लागतं. मेसेजचं वेगळं, सगळ्याचं वेगळं."

"म्हणजे मला मेसेजवर भागवणार तू."

"सरिता..." त्याने छत्रीची मूठ दुसऱ्या हातात घेतली. "आल्यावर तुझ्या घरी येऊ का? मामाला घेऊन?"

मी कणसाकडे बघत म्हटलं, "लिंबू कमी लागलंय."

म्हणजे हो. त्याला बरोबर कळलं.

निघायच्या आदल्या दिवशी त्याने लॅपटॉप शेवटचा तपासायला आणला. "माझे फोटो कधी हरवायला नकोत हं," म्हणाला आणि चहा सांगायला बाहेर गेला. तेवढ्यात मी एक गंमत केली. त्याने लॅपटॉपमध्ये ठेवलेला प्रत्येक फोटो नेट मिळताच आपोआप वर चढेल आणि तिथून माझ्या मोबाइलवर उतरेल, अशी जोडणी करून ठेवली. त्याला सांगितलं नाही. एके दिवशी त्याचेच फोटो त्याला पाठवून चकित करायचं होतं ना मला! गिऱ्हाइकाला विचारल्याशिवाय एकही सेटिंग बदलायची नाही, हे दुकानातल्या नव्या मुलींना मीच बजावते. आणि मीच...

तो गेला. मेसेज यायचे. "आज चारशे अंडी फोडली." "इथे समुद्र रोज वेगळा असतो, पण डाळ तीच." "तू जेवलीस का?" त्याचं पॅकेज मेसेजपुरतंच होतं. लिहिलेलं तेवढं जायचं, फोटो नाही, कॉल नाही. बंदरावर उतरला तरी लॅपटॉप जहाजावरच असायचा. मला महिनोन् महिने एकही फोटो आला नाही, तेव्हा मी ती गंमत विसरूनही गेले. मग त्याचा मोबाइल सूपच्या पातेल्यात पडला. "फोटो वाचले, आधीच लॅपटॉपमध्ये टाकले होते. सूप मात्र फेकावं लागलं," असं त्याने लॅपटॉपवरून कळवलं. मी दुकानात एकटीच खिदळत होते. हसून घेतलं तेवढंच.

कारण सहाव्या महिन्यात चांदवडहून स्थळ आलं. कांद्याचे व्यापारी, मुलगा शिकलेला, नाव ठेवायला कुठे जागा नाही. अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, ते फार पसंत पडलं. मी रडले, जेवण सोडलं, आईकरवी देवरामचं नाव त्यांच्या कानावर घातलं. अण्णा आधी आठ दिवस माझ्याशी बोललेच नाहीत. मग म्हणाले, "बोटीवरचा मुलगा. आज आहे, उद्या नाही. तरी तुझ्यासाठी एकदा बघतो. रविवारी बारा वाजता चांदवडचे लोक सुपारी फोडायला येणार आहेत. त्याआधी अकरा वाजता त्याने मला मोबाइलवर का होईना तोंड दाखवावं आणि स्वतः मागणी घालावी. माणूस समोर दिसला, दोन शब्द बोलला, तर मी त्यांना फोन करून नका येऊ म्हणेन. मेसेजवर मी मुलगी देत नाही."

सुपारी फुटली की आमच्याकडे विषय संपतो. मग लग्न मोडणं म्हणजे दोन्ही घरांची अब्रू वेशीवर.

त्या आठवड्यात बंदरावर उतरायची देवरामची पाळी नव्हती, जहाज रविवारी भर समुद्रात असणार होतं. त्याने लिहिलं, "काळजी करू नकोस. लॅपटॉपवर पहिल्यांदाच सगळ्याचं पॅकेज घेतोय. तुमचे अकरा म्हणजे इथली नाश्त्याची वेळ, तेव्हा माझी जागा एक मित्र अर्धा तास सांभाळणार आहे. शर्टाला इस्त्रीसुद्धा केली. अण्णांना काय आवडतं बोललेलं?"

"खरं बोललेलं," मी लिहिलं.

रविवारी त्याचा बुधामामा पहिल्या गाडीने सिडकोत आमच्या घरी आला. धोतर, टोपी, हातात तांदळाची पिशवी. अण्णांसमोर अवघडून बसला. "पोरगं लय गुणाचं हाय, दादा. बाप नाय, पण कुनाचं वाईट नाय केलं त्यानं."

"बघू की," अण्णा म्हणाले. मोबाइल टेबलावर तांब्याला टेकवून उभा केला होता. अण्णांचा मोबाइल. माझा माझ्या मुठीत.

अकराला दोन मिनिटं कमी असताना माझा मोबाइल थरथरला. बघते तर फोटो! समुद्र. मग दुसरा, देवराम पांढऱ्या टोपीत. तिसरा, एका कागदावर मोठ्या अक्षरात माझं नाव, मागे सूर्य. इतका आनंद झाला मला... देवा, मी हसले त्या क्षणी! चौथा, पाचवा, सहावा. प्रत्येक बंदरावर त्याने माझं नाव कागदावर लिहून फोटो काढला होता. धडाधड उतरत होते.

आणि मग मला माझी ती गंमत आठवली.

नेट मिळताच सगळे फोटो आपोआप वर चढणार. महिनोन् महिने तुंबून राहिलेले. त्या एवढ्याशा पॅकेजवर. अण्णांसाठी घेतलेलं नेट माझ्याच मोबाइलवर सांडत होतं.

"फोटो बंद कर!" मी लिहिलं. एकच टिक. "देवराम, फोटो बंद कर, लवकर!" एकच टिक. वीस फोटो. चाळीस.

अकरा वाजता अण्णांचा मोबाइल वाजला. त्यांनी उचलला. पडद्यावर तो दिसला, अर्धा. इस्त्रीचा निळा शर्ट, ओठ उघडलेले, आणि चित्र तिथेच गोठलेलं. "अण्..." एवढंच ऐकू आलं. मग गोल गोल फिरणारं चक्र. मग काळा पडदा.

"लागंल परत," बुधामामा म्हणाला.

लागला नाही. माझ्या मोबाइलवर फोटो यायचेही थांबले. संपलं होतं सगळं पॅकेज. नवीन घ्यायला त्याला जहाजाच्या ऑफिसात जावं लागायचं, ते संध्याकाळी उघडायचं.

"अण्णा, चूक माझी आहे," मी बोलले. लॅपटॉप, जोडणी, फोटो, सगळं सांगितलं. मोबाइल त्यांच्या पुढ्यात धरला. त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

"त्याची बाजू सावरून घेऊ नकोस."

"दहा मिनिटं थांबा ना... पाया पडते तुमच्या."

ते थांबले. खोटं कशाला बोलू, पावणेबारापर्यंत थांबले. मग उठून त्यांनी सदरा बदलला. बुधामामाने चहा अर्धाच प्यायला आणि पिशवी तिथेच ठेवून गेला. बारा वाजता चांदवडचे लोक आले. मी साडी नेसून बाहेर येऊन बसले. माझ्यासमोर सुपारी फुटली आणि माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. ह्याबद्दल मला स्वतःला कधीच माफ करता येणार नाही.

त्या संध्याकाळी मी देवरामला मेसेज केला, "झालं. सुपारी फुटली." दोन टिक उमटल्या. गुरुवारी दुपारी, दुकानातली गर्दी ओसरल्यावर, त्याचा कॉल आला. जहाज बंदराला लागलं होतं आणि तो कुठल्याशा हॉटेलात लॅपटॉप उघडून बसला होता. तोच निळा शर्ट.

"माझंच चुकलं, सरिता. आदल्या दिवशी लावून बघायला हवं होतं. मला काही कळतच नाही ह्यातलं. तुझ्या घरी माझ्यामुळे..."

चार दिवस तो मनाशी हेच घोकत बसला असणार. मला गप्प बसता आलं असतं. पण तो आयुष्यभर स्वतःला दोष देत राहिला असता.

"तू नाही. मी," मी म्हणाले, आणि सगळं सांगितलं.

तो ऐकत राहिला. रागावला असता तर बरं झालं असतं. शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं.

"म्हणजे... सगळे पोचले तुला?" त्याने विचारलं.

"एकशे ब्याण्णव."

"मग ठीक आहे," तो म्हणाला आणि त्याचे डोळे भरले. "लग्न कधी?"

"पुढच्या महिन्यात. तू यायच्या आधी."

"करार मोडून येऊ? आत्ता निघतो, बोल."

तोंडापर्यंत आलं होतं, ये. पण त्याच्या आईचं घर ह्या एका नोकरीवर चालतं, आणि करार मोडला की पुन्हा जहाजावर कोणी घेत नाही. आणि इथे येऊन तो काय सोडवणार होता?

"नको येऊस," मी म्हणाले.

त्या दिवशी नेट इतकं छान होतं! एकदाही अडकलं नाही. त्याच्या पापण्या दिसत होत्या, मागची कपबशी वाजलेली ऐकू येत होती. आणि आम्हाला बोलायला काहीच सुचत नव्हतं. दोघांपैकी कोणी बंदही करेना.

"जा आता. जहाज सुटेल."

"सुटू दे."

"देवराम..."

त्याने मान हलवली. शर्टाच्या बाहीने तोंड पुसलं.

"येतो," तो म्हणाला. आपल्यात जाताना सगळे म्हणतात तसं, सवयीने. मग थांबला. मला एकदा नीट बघून घेतलं.

"जातो, सरिता," म्हणाला आणि त्याने लॅपटॉप मिटला.