पुस्तकात न सापडलेलं नाव

हे घडलेलं आहे. खोटं वाटत असेल त्याने हैदराबादेत चिक्कडपल्लीला जाऊन रसिकाचा फोन हातात घेऊन बघावा.

गेल्या फेब्रुवारीतला दुसरा रविवार. रात्र नव्हती, अमावस्या नव्हती. दुपारचे तीन. खाली गल्लीत इस्त्रीवाला मोठ्याने रेडिओ लावून बसला होता.

संध्याकाळी पाचला रसिकाच्या आजोबांचा, प्रतापरावांचा, पहिला स्मृतिदिन. बुद्धवंदना झाली की त्यांच्या आत्मचरित्रातलं एकेचाळिसावं पान रसिकाने वाचायचं होतं. आजोबा सिकंदराबादला रेल्वेत कारकून होते. निवृत्तीनंतर त्यांनी वह्यांवर वह्या भरल्या. चुलतभाऊ गौतमने त्यांचं ई-पुस्तक करून सगळ्यांच्या फोनवर पाठवलं.

रसिका शिकली इंग्रजीत. मराठी बोलते फाडफाड, वाचताना मात्र ओळीओळीला ठेच.

"नाही जमलं तर सांग," गौतम म्हणाला होता. "मी वाचतो. पाहुण्यांसमोर हसं नको."

म्हणूनच ती हट्टाला पेटली होती.

हाडोळा.

पहिल्याच ओळीत अडली. शब्दावर बोट दाबून धरलं. अर्धाच शब्द निवडला गेला. पुन्हा दाबलं. शब्दकोशाचं ॲप उघडलं...

शब्द सापडला नाही.

परत आली, तर पुस्तक पहिल्या पानावर. पुन्हा एकेचाळीस पानं सरकवा!

शिवारातल्या. सापडला नाही. शेपूट खोडून नुसतं 'शिवार' टाकलं. अर्थ आला: ग्रामसीमांतर्गत भूक्षेत्र.

"आता ह्याचा अर्थ काय ह्याचा बाप सांगणार?"

"कोणावर ओरडतेस गं?" स्वयंपाकघरातून सुशीलाआत्या.

"ह्या डब्ब्यावर! परेशान करून सोडलंय."

"बाबांनी इंग्रजीत लिहायला हवं होतं बघ तुझ्यासाठी."

आत्याला विचारलं असतं तर हाडोळा म्हणजे महारवतनाची जमीन, हे तिने लगेच सांगितलं असतं. पण मग ते गौतमच्या कानावर गेलं असतं.

रसिकाने ॲपमधली आधी शोधलेल्या शब्दांची यादी उघडली...

शिवार
शिवारातल्या
हाडोळा
जयवंता
जयवंता
जयवंता

हे तिने शोधलं नव्हतं. वेळ होती एक चाळीस. तेव्हा फोन चार्जिंगला होता आणि ती फुलं आणायला खाली गेली होती.

तिने यादी पुसून टाकली. एकेचाळिसावं पान काढलं. दोन ओळी वाचल्या.

आणि पुस्तकातली शोधायची पेटी आपोआप उघडली.

ज...

बराच वेळ काही नाही. कोणीतरी अक्षर आठवत असावं तसं.

जय...

जयवंता.

एकही जागा सापडली नाही.

पुस्तक पुन्हा पहिल्या पानावर.

तिने नेट बंद केलं. फोन बंद करून चालू केला. काचेवरचा स्क्रीनगार्ड ओरबाडून काढला. चार वेळा तेच. भीती नाही वाटली तिला. संताप आला. डोळ्यांत पाणी आलं ते संतापाचं. पावणेपाच झाले होते.

"आत्या, जयवंता कोण?"

आत्याने हातातलं पातेलं खाली ठेवलं.

"माझी आई. तुझी आजी."

आजी रसिकाच्या जन्माआधीच गेली होती. घरात तिला सगळे 'माय' म्हणत. नाव कोणी घेतच नसे.

"अक्षर येत नव्हतं तिला," आत्या दारात येऊन म्हणाली. "शेवटी शेवटी पाटीवर गिरवून तेवढं स्वतःचं नाव शिकली. बाबा लिहायला बसले की विचारायची, 'म्या हाय का त्याच्यात?' बाबा म्हणायचे, 'हाय की, पानोपान.'"

पानोपान होतं ते नुसतं 'आमची मंडळी', म्हणजे बायको.

नाव कुठेच नव्हतं.

पाच वाजले. वंदना झाली. रसिका उभी राहिली.

"हाडोळ्यावर काही पिकेना. आमच्या मंडळींनी खाणीवर खडी फोडली, म्हणून मी..."

ज...

"दे इकडे," गौतमने हात पुढे केला.

रसिकाने फोन टेबलावर पालथा ठेवला.

"पुढचं मला वाचता येत नाही. पण खडी फोडली माझ्या आजीने. तिचं नाव जयवंता."

आत्याने पदर तोंडाला लावला.

रसिकाने फोन उचलला, तर समोर एकेचाळिसावं पान होतं. तिने ते शेवटपर्यंत वाचलं. फोन एकदाही अडला नाही.

गौतम वरमला. त्याच आठवड्यात त्याने जिथे जिथे 'आमची मंडळी' होतं तिथे आजीचं नाव घातलं आणि पुस्तक सगळ्यांना नव्याने पाठवलं. रसिकाने शोधून पाहिलं. चौतीस जागा सापडल्या.

संपलं, असं तिला वाटलं.

पुढच्या मंगळवारी ऑफिसात जेवताना फोन डब्याशेजारी होता. पेटी उघडली...

त्रि...

त्रिवेणी.

एकही जागा सापडली नाही.

तिने तिथूनच आत्याला फोन लावला. "आत्या, आपल्यात त्रिवेणी कोण होती?"



"हे नाव तुला कोणी सांगितलं?"

आणि फोन कट.

तेव्हापासून आत्या रसिकाचा फोन उचलत नाही. रसिका तिच्या घरी गेली की दार उघडते, चहा देते, पण विषय काढला की उठून आत जाते.

पेटी मात्र उघडते.

काल तीनदा उघडली. तिन्ही वेळा तेच नाव.