रांगेतली त्यांची घागर

रांगेत घागर ठेवायची अन् आपण पसार व्हायचं, ही कुठली रीत? बरं, जायचं तर जा... माघारी येऊन वर मलाच विचारायचं, "माझा नंबर गेला का हो?"

जाईल कसा? घागर मी पुढं सरकवत होते ना.

शहाऐंशी-सत्त्याऐंशीचा दुष्काळ. मुकुंदवाडीत आमच्या तात्यासाहेबांनी, म्हणजे माझ्या वडलांनी, शेताचे प्लॉट पाडलेले. ज्वारीच्या जागी खोल्या उभ्या राहिल्या, खोल्यांत कन्नड तालुक्याकडची पोरं आली, चिकलठाण्याच्या कारखान्यात कामाला. पाणी मात्र टँकरचं. मालकाची लेक असून मीही रांगेत, पण ऐटीत. अन् माझ्या मागं ही पितळी घागर, भाडेकरू पुंडलिकरावांची.

"कुठं पळता सारखं?"

"कुलूप... लावलं का नाय, बघून येतो."

"आत्ताच बघून आलात की."

"व्हय. पण बघताना ध्यान नव्हतं."

मला हसू आलं. मान खाली घालून तेही हसले – कानाच्या पाळ्या लालबुंद – अन् गेलेच.

पहिलं मी टोमणे मारले. मग कीव आली, तर सांगत गेले, "लागलंय कुलूप, मी पाहिलंय." तेवढ्यापुरतं त्यांना बरं वाटायचं. जरा वेळानं पुन्हा, "नक्की पाहिलंत ना?" इस्टोव्ह, खिडकी, गावाकडं आईचा खोकला... एक मिटलं की दुसरं. माझं सांगणं पुरेचना.

एकदा टँकर आला अन् नेमका त्यांचा पाय खोलीकडं वळला. मी त्यांच्या घागरीवर हात ठेवला.

"आज नका जाऊ."

"जीव घाबरतो, चतुराबाई."

"घाबरू द्या. इथं माझ्याशेजारी उभं राहून घाबरा. कुलूप लागलंय का उघडं, ते मी आज सांगायची नाय."

खोलीकडं मान वळवून ते उभे राहिले. मी टँकरची नळी ओढली. नळीचं पाणी घागरीत पडायला लागलं, आवाज बारीक होत होत काठाशी आला... अन् एक हबका माझ्या पदरावर उडाला. त्यांनी पाहिलं. पाहतच राहिले.

"काय बघता?"

"कुलूप इसरलो," ते म्हणाले.

पुढं त्या उन्हाळ्यात मला वाटायचं, टँकर अजून उशिरा यावा. दुष्काळात असं वाटावं – पापच की.

मग माझा कल ओळखून तात्यांनीच त्यांना लग्नाचं विचारलं. उलटा निरोप आला – नको. मी त्यांना तडक रांगेत गाठलं.

"मी पसंत नाय का?"

"तसं नाय हो..." त्यांची नजर मातीत. "अंतरपाटाआड उभा असताना बी मनात काहीतरी येईल. उद्या लेकराला ताप आला तर मीच आधी आडवा होईन. तुमचा जन्म जाईल माझी समजूत काढण्यात."

"समजूत काढणं मी कवाच सोडलं. नुसती शेजारी उभी राहते. ते जमतंय मला."

"अन् मी पळालो तर? भर मांडवातनं?"

रांगेतल्या बाया कान टवकारून होत्या. ऐकू दे, म्हटलं.

"पळालात तर अंतरपाट तसाच धरून ठेवायला सांगीन, या माघारी. अन् ऐका पुंडलिकराव, हा नकार भीतीनं धाडलाय. भीतीचा निरोप मी ऐकत नसते. जीव मुठीत धरून जो रोज कामावर जातो, त्याला मी भित्रा म्हणायची नाय. लई दिवस शेजारी उभी राहून पारखलंय मी. पोरगा मला पसंत हाय."