आधी आहे का, ते बघ

"मला साधा संगणक उघडायचाय, कबाका महाराजांच्या राजवाड्यात नाही शिरायचं!"

मुकीबीने मान वर केली आणि हातातलं रोलेक्स, गरम चपातीत गुंडाळलेलं अंडं, तोंडाशीच थबकलं. कंपालाच्या त्या कॉलेजात संगणक सांभाळणारा तो. आणि दारात ग्रंथालयात नव्याने लागलेली नान्तुमे, पावसाने भिजलेली, तरी डोळे मिश्कील.

"न्याबो, बाईसाहेब, आधी 'कसे आहात, घरचे कसे आहेत' तरी विचारा..."

"घरचे बरेच असतील, स्सेबो साहेब. संगणकच बरा नाही. पासवर्ड दिला की फोनवरचा कोड मागतो. दिला, की पुन्हा मागतो!"

ही करामत मुकीबीचीच होती. त्याने तयार केलेलं सॉफ्टवेअरचं पॅकेज संगणकावर बसवलं, की मागोमाग एक छोटी स्क्रिप्ट आपोआप चालायची आणि लॉगिनच्या फाइलमध्ये ओळ लिहायची: आत सोडण्याआधी कोड विचार.

"पुन्हा बसवतो. होईल ठीक," तो रुबाबात म्हणाला.

दुसऱ्या दिवशी ती परत दारात. "आता तीनदा मागतो!"

त्याने पुन्हा बसवलं. मग चारदा मागू लागला. ती रोज यायची, टेबलाला टेकून चिडवायची. तो लाजून पुन्हा पॅकेज बसवायचा. मनातलं मात्र ओठांवर येऊन परत जायचं.

एका गुरुवारी ती म्हणाली, "उद्या गुलूला चालले, पार उत्तरेला. बदली झाली."

मुकीबीने घाईघाईने कीबोर्ड ओढला. "मग... जाण्याआधी शेवटचं एकदा बसवून—"

"नको!" तिने त्याच्या हातावर हात ठेवला. "अहो शहाणे, ती ओळ फाइलमध्ये आधीच आहे का, हे तुमची स्क्रिप्ट बघतच नाही. दर वेळी आणखी एक चिकटवते. मला पहिल्याच दिवशी कळलं होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"बोलले असते, तर रोज यायला निमित्त कुठून आणलं असतं?"

मुकीबीचे कान तापले. आता गप्प बसला, तर ही गेलीच!

"नान्तुमे... माझं तुझ्यावर प्रेम आहे. गुलूला आलो तर... भेटशील?"

"हो."

"खरंच?"

"हो रे."

"म्हणजे... अगदी नक्की ना?"

"मुकीबी!" ती खुदकन हसली. "तूही तुझ्या स्क्रिप्टसारखाच! पुन्हा विचारण्याआधी, 'हो' मिळालंय का ते बघ की!"

त्याने बघितलं. तिचा हात अजून त्याच्या हातावरच होता.