उष्टी हळद

पत्रिकेत हळदीचा कार्यक्रम नाही म्हणून तू रुसलीस, हेमांगी, ते मला फोनवरच कळलं होतं. एकुलत्या एका भाचीचं लग्न आणि हळद नाही, म्हणजे आत्याला वाईट वाटणारच. ये, इथे स्वयंपाकघरात बस. दार लोटून घे आधी. ऐश्वर्या आत झोपली आहे, तिच्या कानावर यातलं काही जायला नको.

जानेवारीतला रविवार होता. साखरपुड्याला आठवडाच झालेला, घरात सगळे खुशीत. तुझा दादा म्हणाला, "कोपरीत बसून काय माश्या मारायच्यात? ठाकुर्लीला आगरी जत्रोत्सव लागलाय, चला." आपला होणारा जावई, विनीतही वर्तकनगरहून परस्पर येणार होता, पण ऐनवेळी त्याचं ऑफिसचं काही निघालं. मग आम्ही तिघंच गेलो.

भर दुपार होती. तांदळाच्या भाकऱ्या, भाजलेली सुकट, गरम तव्यांचा धूर. तुझा दादा पहिल्याच स्टॉलला चिकटला, त्याचं तुला काय सांगायचं! आम्ही मायलेकी पुढे मंचाकडे गेलो. तिथे आपल्याकडची जुनी हळद करून दाखवणार होते. निवेदकाने विचारलं, "नवरी कोण होणार?" ऐश्वर्याने हात वर केला. लग्न ठरलेल्या मुलीने असली खोटी हळद लावून घेऊ नये, हे मला सुचायला हवं होतं. मी टाळ्या वाजवल्या.

दोन पाट मांडले होते. एकावर ही बसली, दुसरा रिकामाच. "नवरदेव ड्यूटीवर गेलेत," असं निवेदक म्हणाला नि लोक खदाखदा हसले.

धवले, म्हणजे लग्नातली जुनी गाणी, गायला मालनबाई होत्या, सत्तरीच्या पुढच्या, कपाळभर कुंकू. तुला आठवत असेल, पूर्वी आपल्या घरी लग्नात धवलारीण यायची, आईंच्या माघारी आपण ते बंदच केलं. मालनबाईंनी चार ओळी म्हटल्या आणि थांबल्या. म्हणाल्या, "पुरा नाय गात. लगीन नाय तिथं आवतान नाय करायचा." आधी देवांना आवतण, मग गावातल्या वारलेल्या माणसांना. ते फक्त खऱ्या लग्नात गायचं.

आणि मी उभी राहिले, हेमांगी. तीस वर्षं शाळेत शिकवलं, धडा अर्धा सोडलेला मला खपत नाही. भर सभेत म्हटलं, "मावशी, अर्धवट नको ना. मुलांना आपली परंपरा कळू दे की!" सगळ्यांनी टाळ्या पिटल्या. त्या बाईने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं, मग डोळे मिटले आणि गायला लागली.

आवाज बारीक होता, पण थरथरत नव्हता. ती एकेक नाव घेत गेली. पाळण्याची करकर, पिपाण्या, लाउडस्पीकर, सगळं हळूहळू लांब गेल्यासारखं झालं. मंडपाची झालर हलायची थांबली. आणि भाकऱ्यांच्या वासातून एक दुसराच वास वर आला, ओहोटीनंतर खाडीच्या चिखलाला येतो तो. मी आजूबाजूला पाहिलं. बाकी कुणाला काही जाणवलेलं दिसलं नाही.

तेवढ्यात एका मुलीने हळदीची वाटी पुढे केली.

आपली रीत तुला माहीत आहे. हळद आधी नवऱ्याला लागते, उरलेली उष्टी हळद नवरीला. तिथे नवरा नव्हताच. आणि त्या वाटीत बोटं फिरलेली होती. कुणीतरी चांगली मूठभर हळद आधीच उचलून नेलेली.

मालनबाईंचं गाणं तुटलं. "ही हलद… कुनाला लावून आनली गो?"

"कुणाला नाही आजी. इथेच ठेवलेली होती," ती मुलगी म्हणाली.

तोवर करवली झालेल्या दुसऱ्या मुलीने दोन्ही हातांनी ऐश्वर्याचे गाल माखलेसुद्धा.

"थांबा," मालनबाई माइक घट्ट धरून म्हणाल्या, "बोलावलेल्यांना माघारी धाडायचा गाना बाकी हाय… तो म्हनू द्या…"

पण प्रमुख पाहुणे आले ना! ढोल सुरू झाले, हारतुरे पुढे आले, कुणीतरी अदबीने म्हातारीच्या हातातला माइक काढून घेतला आणि तिला खाली उतरवलं. ऐश्वर्या उठली. मी तिला धरायला वर गेले, तेव्हा शेजारच्या रिकाम्या पाटाला हात लागला. पाट ओला होता.

मंचामागे मालनबाईंना गाठलं. विचारलं, "मावशी, कोण आलं होतं?"

"नाव नको इचारू. आंगाला हलद लागली नि लगनाआधीच मेलेला पोर हाय, यवराच सांगते." त्यांनी माझं मनगट पकडलं. "पोरीला परत हलद लावू नको. एकदा लागली ती पुरे जाली. आनि तिचे तोंडात त्याचा नाव येऊ देऊ नको… तिनी नाव घेतला, त्यानी ओ दिली… मंग माझे हातात काय नाय."

घरी आणून तिला दुधाने, बेसनाने चोळचोळून धुतलं. रंग गेला. वास मात्र गेला नाही, तिच्या उशीला अजून येतो. पोरगी गप्प झाली. एवढी वटवट करणारी माझी लेक, आता विचारलं तेवढंच बोलते. म्हणून हळद रद्द केली. विनीतच्या घरी सांगितलं, तिला ॲलर्जी आहे. लग्न तेवढं पार पडू दे, मग ती सुटेल, असं मी धरून चालले होते. माझ्या हट्टाने झालं हे, दुसऱ्या कुणाला काय बोल लावू?

काल संध्याकाळी विनीत शेरवानी दाखवायला आला. चहा झाला. तुझ्या दादाला यातलं मी काहीच सांगितलेलं नाही. तो आपला नेहमीसारखा थट्टेत म्हणाला, "ऐशू, उखाणा पाठ झाला का? घे बघू नाव."

मी "नको" म्हणेपर्यंत तिने डोक्यावरून ओढणी घेतली होती. मान खाली घालून सावकाश म्हणाली,

"हळदीचे हात कशाला झाकू,
माझ्या घरधन्याचं नाव धाकू."

तुझा दादा खो खो हसला. "हा कोण गं नवीन धाकू?"

मी विनीतकडे पाहत होते. देवाला हात जोडले मनात. म्हटलं, हसू दे याला. रागावू दे. निदान कोण धाकू म्हणून विचारू दे.

विनीत शेरवानीची घडी घालत होता. हाक मारल्यावर आपण देतो ना, तशी मान वर न करता त्याने ओ दिली.