धामणीवरचा आळ

सीमाआत्याचं लग्न झालं ते २०२३ साल. त्या दिवाळीच्या सुट्टीत आकांक्षा अकोल्याहून बाळापूरजवळच्या गावी आली आणि दुसऱ्याच दिवशी वैतागली.

"कबरीचं दूध आटलं," आजोबा म्हणाले. भगवंतराव त्यांचं नाव, पण सगळी पोरं त्यांना आबाजी म्हणत. "धामण रोज दुपारी गाईच्या पायाले वेटोळे घालून दूध पिते. संध्याकाळी गावातला सूर्यभान तिले माराले काठी घेऊन येऊन राहिला."

धामण गोठ्यातल्या मक्याच्या ढिगात राहायची. सकाळीच आकांक्षाने तिला उंदीर गिळताना पाहिलं होतं.

"आबाजी, सापाले दूध चोखताच येत नाही. दात मागं वळलेले असतात त्याचे. सडाले रुतले तं कबरी लाथ नाही मारणार?"

"माझ्या बापानं डोळ्यानं पाह्यलं."

"त्यायच्या बापानंबी पाह्यलं असन," शेजारचा उजैर पुटपुटला.

आकांक्षाने कपाळावर हात मारला. मग घरातून तेलात कालवलेली हळद आणली आणि सडांना फासली. "ज्याचं तोंड पिवळं, तो चोर. कबूल?"

"कबूल, बाई. आता झोपू दे."

दोघं कापसाच्या गाठोड्यांमागे लपली.

"धामण पायावरून गेली तं?" उजैरने विचारलं.

"विष नसते तिले."

"हे तिले माहीत हाये का?"

तेवढ्यात ती निघालीच, चांगली पुरुषभर लांब. कबरीच्या पायांमधून सरपटत उंदराच्या बिळात शिरली. कबरीने रवंथसुद्धा थांबवला नाही.

थोड्या वेळाने पलीकडच्या गोऱ्ह्याने मानेला हिसका दिला. दाव्याची गाठ सुटली. तो कबरीला ढुशा देत पोटभर दूध प्याला आणि गरीब चेहऱ्याने जागेवर जाऊन बसला.

संध्याकाळी सूर्यभान काठी घेऊन आला. आकांक्षाने गोऱ्ह्याला पुढे ओढलं. नाकपुडीपर्यंत पिवळा!

"नवरदेव हाये का हा?" सूर्यभान हसत सुटला. "दावं कोण बांधते याचं?"

"आबाजी," उजैर म्हणाला. "एका हातानं. दुसऱ्या हातात मोबाइल असते."

आबाजींनी मोबाइल खिशात ठेवला. मग त्यांनी दोन्ही हातांनी दाव्याला दुहेरी गाठ मारली. "आमच्या चार पिढ्यायनं गोऱ्ह्याकडे पाह्यलंच नाही," ते म्हणाले. "पोरायनं पाह्यलं."

पुढे कोणी मक्याच्या ढिगाकडे काठी घेऊन वळलं, की ते खाटेवरून ओरडत, "आधी गोऱ्ह्याचं तोंड पाहा."

भगवंतराव २०२५ साली, पोळ्यानंतर आठव्या दिवशी वारले.