चंद्रावरची इर्जिक

चारही शेजाऱ्यांकडे वीज आहे. चौघेही मनाने चांगले आहेत. तरी चौघांनीही 'नाही' म्हटले. असे का? चंद्राच्या दक्षिण ध्रुवावरच्या भारतीय तळावर शाल्मली याच कोड्याने बेजार झाली होती.

तिथे सूर्य डोक्यावर येत नाही. तो क्षितिजालगत फिरतो, आणि डोंगरांच्या लांबलचक सावल्याही फिरत राहतात. आज सावली भारतीय तळाकडे सरकत होती आणि नेमक्या आजच वीज साठवणाऱ्या बॅटऱ्या बिघडल्या होत्या. वीज मिळाली नाही, तर आईने जोपासलेली काचबाग (काचघरातली, श्वासासाठी हवा देणारी झाडे) गोठणार, तिच्याबरोबर श्वासाची हवा संपणार आणि तळ कायमचा सोडावा लागणार.

"आजोबा, तुम्ही मागितलीत तरी कशी?"

तळाचे प्रमुख शास्त्रज्ञ डॉ. तेंडोलकर चष्मा पुसू लागले. "एकेकाला बाजूला घेऊन, हळूच. चारचौघांत हात पसरणं बरं दिसत नाही गं."

"मग काय म्हणाले ते?"

"केनियाच्या तळावरची वांजिरू म्हणाली, 'मी एकटीने दिली आणि उद्या सावली आमच्यावर आली तर?' जपान, ब्राझीलचंही तेच. नॉर्वे तर डोंगराआड. लेझरचा झोत (वीज वाहून नेणारा सरळ किरण) डोंगर कसा ओलांडणार?"

"म्हणजे भीती सगळ्यांची एकच, पण प्रत्येकाला वाटतं आपण एकटेच! आजोबा, तुमच्या गावच्या इर्जिकीत काय करायचे?"

"ज्याची नांगरट खोळंबली, त्याच्या शेतात साऱ्या गावाचे बैल. मजुरी नाही. आज त्याचं शेत, उद्या दुसऱ्याचं."

"आणि हे कानात कुजबुजून ठरायचं?"

"छे! पारावर, सगळ्यांसमोर..." आजोबा थबकले.

"मग लावा की समाईक वाहिनी (सर्व तळांना एकदम ऐकू जाणारी)!"

"माझी जीभच वळत नाही गं."

"मी बसते ना शेजारी."

आजोबांनी बटण दाबले. आवाज कापत होता. "मंडळी, आज सावली आमच्यावर येते आहे. फिरत फिरत ती सर्वांवर येणार. ज्याच्यावर येईल, त्याला बाकीच्यांनी थोडी थोडी वीज द्यायची. तुमच्या पाळीला आम्ही देऊ, हा शब्द."

भाषांतरयंत्रातून वांजिरूचे हसू आले. "डॉक्टर, हे आधी का नाही बोललात? सगळे असतील, तर मी आहेच!"

"आमचा झोत केनियाकडे सोडतो," नॉर्वेची सिग्रिड म्हणाली. "वांजिरू, तू पुढे पाठव." जपान आणि ब्राझीलनेही होकार दिला.

"बघ," आजोबा म्हणाले, "मी करत होतो तो द्विपक्षीय करार (दोघांपुरता ठराव). हे बहुपक्षीय सहकार्य (अनेकांनी मिळून सर्वांसाठी केलेले काम). इथे कुणी राजा नाही. प्रत्येक गाठ दुसऱ्या गाठींना बांधलेली. अशा जाळ्यातून देशांनी एकमेकांशी बोलणं, वागणं म्हणजे जालमुत्सद्देगिरी."

सावली आली. दिवे फडफडले, मंदावले, आणि एकदम झगझगीत पेटले! काचबाग हिरवीगार उजळली. आई आतून ओरडली, "आली! वीज आली!" वाहिनीवर चारही तळांवरून टाळ्यांचा कडकडाट झाला.

तेवढ्यात एक नवा, बिचकता आवाज आला. "आम्ही फिजीचे. आमचा तळ अजून उभा राहतोय. आम्हालाही जोडून घ्याल?"

शाल्मलीने आजोबांकडे पाहिले. पण त्यांनी तिची वाट पाहिली नव्हती. सर्वांच्या आधी, सर्वांसमोर, खणखणीत आवाजात ते म्हणाले, "या की!"