निरंक नावाचा पक्षी

"ताई, निरंक हा कुठला पक्षी गं?" लिंबूनं सूचनाफलकाला नाक लावून विचारलं. "साहेबांना आपल्या तळ्यावर तोच दिसलाय. हे बघ, पक्षी : निरंक."

टिटवीनं अहवाल वाचला आणि कधी नव्हे ते तिचं तोंड बंद झालं. तिला टिटवी उगाच नव्हते म्हणत. बारा वर्षांच्या आयुष्यात तिनं घरात कुणाला दुपारची झोप लागू दिली नव्हती.

"निरंक म्हणजे काहीच नाही रे. शून्य."

पाहणी अधिकाऱ्यांनी लिहिलं होतं : सकाळी सात वाजता समक्ष पाहणी केली. पक्षी निरंक. सबब, तळ्याकाठचा चिखल बुजवून वाहनतळ करण्यास हरकत नाही. खाली पुराव्याचा फोटो : रिकामा चिखल आणि मधोमध पाणी मोजायचा खांब. सुनावणी आजच, चार वाजता.

सुट्टी लागल्यापासून दोघं भावंडं मामाचा जुना कॅमेरा घेऊन त्याच चिखलात पालथी पडत होती. उजाडताना शेकाटे शाईनं काढल्यासारखे काळे दिसत. सातला ऊन आलं की त्यांचे लांब पाय गुलाबी होत. दुपारी मात्र चिखल ताटासारखा चमके आणि पक्षी पलीकडच्या गवतात गडप. "बाराच्या उन्हात फोटो काढू नका," स्टुडिओवाला मामा बजावायचा. "तेव्हा नवरदेवसुद्धा फरार आरोपी दिसतो."

दोघं स्टुडिओत धडकली.

"मामा, कालचे सगळे फोटो छापून दे. आत्ता."

"अगं, मोठ्यांच्या सुनावणीत तुम्हाला कोण विचारतंय?"

"कुणी विचारत नाही, म्हणून तर सांगायला चाललोय."

मामानं छपाईयंत्र सुरू केलं.

सभागृहात अध्यक्षबाईंच्या टेबलावर टिटवीनं फोटो मांडले. साहेबांनी ते दुरूनच पाहिले.

"मागच्या वर्षीचे असतील. मुलांनी सुट्टीत कॅरम खेळावा."

"खांबाचा लाल रंग बघा," टिटवी म्हणाली. "तुमच्याच खात्यानं गेल्या आठवड्यात दिलाय. लिंबूच्या चड्डीला अजून आहे."

लिंबूनं पुरावा दाखवायला पाठ वळवली. अध्यक्षबाईंनी घाईघाईनं मान्य केलं.

"पण मला एकही पक्षी दिसला नाही, त्याचं काय?" साहेब म्हणाले. "बसा आता खाली."

टिटवी बसली नाही. तिची नजर अहवालातल्या फोटोवर खिळली होती. ऊन किती चढलं ते ती रोज खांबाच्या सावलीवरूनच ओळखायची.

"साहेब, तुम्ही नक्की सातलाच गेला होता?"

"ठोक्याला सात. वेळेच्या बाबतीत मी पक्का आहे."

"मग तुमच्या फोटोतली सावली कुठे गेली?" तिनं स्वतःचा सातचा फोटो शेजारी ठेवला. "सातला ती पार काळ्या दगडापर्यंत पोचते. तुमच्या फोटोत खांबाच्या पायाशी मुटकुळं करून बसलीय. ही बाराची सावली आहे."

सभागृहात कुणीतरी खुदकन हसलं.

"माझं घड्याळ मागे असेल," साहेब पुटपुटले.

"घड्याळ असेल," अध्यक्षबाई म्हणाल्या. "सूर्य नसतो. उद्या सातला सगळ्यांनी तळ्यावर यायचं. मीही येते."

दुसऱ्या दिवशी साहेबांचा एक बूट चिखलानं ठेवून घेतला. उरलेल्या बुटावर उभं राहून त्यांनी लिंबूच्या देखरेखीखाली पक्षी मोजले. दोनदा चुकले, लिंबूनं दोनदा पुन्हा पहिल्यापासून मोजायला लावले. एकशे त्रेचाळीस भरले.

"पोरी, नोकरीला तीस वर्षं झाली," अध्यक्षबाई टिटवीला म्हणाल्या, "पण सावलीची साक्ष काढणारं कुणी भेटलं नव्हतं."

मामानं दुकानाच्या काचेतला नवरदेव काढला आणि तिथे गुलाबी पायांचे शेकाटे लावले.

संध्याकाळी फलकावर नवा अहवाल लागला. लिंबूनं पुन्हा नाक लावून तो मोठ्यानं वाचला :

"पक्षी : एकशे त्रेचाळीस. वाहनतळासाठी उपलब्ध जागा : निरंक."